माशांचं उष्टं खायला एक खेकडा आणला

मंडळी, खाऱ्या पाण्याच्या टाकीत तळाशी उरणारं खाणं साफ करायला कुठला प्राणी ठेवू, असं मी इथे विचारलं होतं. कोणी कोळंबी सुचवली, कोणी शंख. एकाने तर "आधी खाणं कमी घाला" म्हणून दटावलं. अहो, तेच तर जमत नाही!

आज ओहोटीला बादली घेऊन खडकांवर गेलो. मोठी कुर्ली नको, ती मासेच धरील. म्हणून शंखात राहणारा एक छोटा खेकडा निवडला.

शेजारची मासे विकणारी शेवंती हसली. "मास्तरांनू, ह्येचा सार होवचा नाय!"

"सारासाठी नाय गो. माशांचा उष्टा खावक व्हयो."

"दोन माशांचा उष्टा उरता कसा?"

तिला काय सांगणार? सकाळची चिमूट बायको घालायची, संध्याकाळची मी. ती गेल्यापासून सकाळी टाकीजवळ जाववत नाही. मग संध्याकाळी तिचीही चिमूट मीच घालतो, एकदम.

दुपारी खेकडा टाकीत सोडला. थोडा वेळ दडून बसला, मग तळाचा कण न् कण वेचून खाऊ लागला. मी खुर्ची ओढून बघत बसलो. घरात आपल्याशिवाय आणखी कोणी जेवतंय, हे बघूनच बरं वाटलं.

मग माझं पान वाढून घेतलं. बांगड्याचं सार परवाचंच. वाटणाला अर्धा नारळ घ्यायची हाताला सवय आहे, दोघांची.

एकट्यापुरतं सार कसं करता हो तुम्ही?