केळवणाला गेलेला हात

वैशाली दुसऱ्या दिवशी आली ती रडवेली होऊनच. काल मी तिच्या पालथ्या हातावर, मनगटाच्या जरा वर पॅच टेस्ट केली होती. तिथे आता लालभडक चट्टा होता.

पॅच टेस्ट म्हणजे एवढ्याशा जागेवर वॅक्स लावून केस काढायचे आणि एक दिवस वाट बघायची. त्वचा नाजूक असेल तर त्याशिवाय मी पूर्ण हाताला हात घालत नसे. बोरिवलीच्या आमच्या ब्लॉकच्या बाल्कनीत पडदा लावून मी पार्लर चालवायचे. वॅक्स घरचंच, साखर आणि लिंबाचा पाक. आधी माझ्या मनगटावर लावून बघायचे, चटका बसत नाही ना.

वैशालीचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. हातांवर दाट केस, त्यावरून शाळेपासून पोरी चिडवायच्या. ऑफिसातही ती लांब बाह्यांचेच ब्लाऊज घालायची. लग्नात आखूड बाह्यांचा ब्लाऊज घालून मिरवायचं, एवढीच हौस. मला ही पोर फार आवडायची, आणि तिलाच नाही म्हणायची वेळ आली होती.

सोबत तिची आत्या होती. मालवणची, भाचीवर जीव टाकणारी. तिने सरळ माझ्यावर खापर फोडलं.

"तुझ्या पाकातच काय तरी घोटाळो आसा."

मी हात उजेडात धरला. केस काढलेला चौकोन बराचसा स्वच्छ होता. त्यात मधोमध फक्त बोटभर रुंदीचा पट्टा लाल होता. पाकाने असा पट्टा उठत नाही. मी हात नाकाशी नेला आणि विचारलं, काल इथून कुठे गेलात? आत्याकडे केळवण होतं म्हणे.

"अत्तर कोणी लावलं?"

"मियाच," आत्या म्हणाली. "केळवणाक अत्तर नको काय?"

केस मुळापासून निघाले की त्वचा एकदोन दिवस कच्ची असते. अत्तर, वासाचा साबण, हळद, कढत पाणी, काहीही झोंबतं. हे मी आत्याला समजावून सांगितलं. वैशालीचा हात तिने स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

चट्ट्यावर थंड पाण्याची घडी ठेवा, फोड आले तर डॉक्टरकडे जा, असं सांगून मी त्यांना पाठवलं. चट्टा पार गेल्यावर दुसऱ्या हातावर नवी टेस्ट केली. या वेळी काही उठलं नाही. मग जरा थंड झालेल्या पाकाने दोन्ही हात, थोडा थोडा भाग घेत, एका जागी दोनदा न ओढता पूर्ण केले.

आता भीती हळदीची होती. हळदीला मी मुद्दाम गेले. पहिला मान आत्याचा. तिने पाय, गुडघे, मग थेट गाल असं केलं आणि वाटी घेऊन वैशालीशेजारी ठाण मांडलं.

"हाताक कोणी हळद लावूची नाय," ती जमलेल्या बायकांना म्हणाली. "पार्लरवालीन सांगल्यान हा."

एक मावशी रुसली. आत्याने तिलाही जुमानलं नाही.

लग्नात वैशाली आखूड बाह्यांच्या ब्लाऊजमध्ये होती. हिरवा चुडा, नितळ हात, आणि दर दोन मिनिटांनी उगाच पदर सारखा करत होती, लोकांना हात दिसावेत म्हणून. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

तेव्हापासून मी नाजूक त्वचेच्या मुलीला साबण कोणता वापरतेस हे नंतर विचारते. आधी विचारते, घरात तुझे लाड कोण करतं? त्या बाईला सोबत घेऊन ये.