मॅटखालचा पत्रा

दोन वर्षांपूर्वी इकबालभाईंची पिकअप पहिल्यांदा आमच्या दारात आली, तेव्हा आमच्या तात्यांनी तिचा वास घेतला होता. तात्या म्हणजे माझे सासरे. सकाळी भिगवणच्या बाजारातून मासळी भरून बारामतीला पोचवणारी गाडी दुपारी आमचे पेरू इंदापूरला नेणार, हे काही त्यांच्या मनाला पटत नव्हतं. काठी टेकत ते गाडीमागं गेले, फाळक्यावरून हौद्यात वाकले आणि बराच वेळ नाक ओढत राहिले. मग वळून म्हणाले, "लिंबाचा वास येतोय की रं." त्या दिवसापासून डाळजच्या आमच्या मळ्यातले पेरू दुसऱ्या कुणाच्या गाडीत चढले नाहीत.

इकबालभाई पळसदेवचे. किडकिडीत अंग, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, बोलणं असं की गाडीचं इंजिन बंद केल्यावरच ऐकू यावं. मासळी नेणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत, पण त्यांच्या गाडीत कुणी फळं भरत नाही. इकबालभाईंच्या गाडीत भरतात, ती त्या लिंबामुळं. बारामतीत माल उतरला की एका सरबतवाल्याकडून पिळलेल्या साली पोत्यात भरून आणायच्या, हौद्यात सांडून पायानं रगडायच्या आणि मोटारपंपाचं पाणी मारायचं. यात खाडा नाही. त्यांची बायको लैला म्हणते, "एवढा हात घरातल्या भांड्यास्नी लागला असता तर मी रोज बिर्याणी केली असती."

याच्याआधीची त्यांची पहिली गाडी बर्फाच्या पाण्यानं खाल्ली. हौद्याचा पत्रा कुजत गेला आणि एक दिवस हायवेवर कटल्यांचं अख्खं क्रेट खाली गेलं. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं थांबून दोन मासे गोळा करून दिले आणि तिसरा घेऊन गेला, हे ते स्वतःच हसून सांगतात. त्यानंतरचं मात्र सांगत नाहीत. गाडी भंगारात गेली आणि वर्षभर त्यांनी दुसऱ्याची गाडी चालवली. ज्या बाजारात यांना नावानं हाक मारायचे, तिथं लोक "अमक्याचा डायव्हर" म्हणायला लागले. हे मला लैलानं सांगितलं.

म्हणून ही दुसरी गाडी घेतली तेव्हा त्यांनी आधी तिच्या हौद्याचा बंदोबस्त केला. गोठ्यात गाईंखाली घालतात ती जाड रबरी मॅट आणली, मापात कापली आणि चारी कडांना इतकी घट्ट बसवली की बोट जाऊ नये. क्रेट ओढा, आदळा, पत्र्याला ओरखडा नाही. गावात आणखी दोघांनी त्यांचं बघून तसंच केलं.

या हिवाळ्यात एकदा गाडी अंगणात उभी होती आणि फाळक्याच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. तांबूस. मी नुकतंच झाडलेलं अंगण, म्हणून नजर गेली. इकबालभाईंना दाखवलं, तर म्हणाले, मातीचं असंल. आमच्याकडची माती काळी. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. मी बोट लावून वास घेतला. ओल्या तव्याचा येतो तसा.

"इकबालभाई, मॅट शेवटची कधी उचलली होती?"

"बसवल्यापास्नं न्हाय, वहिनी. उचलायची कशाला?"

दोन वर्षं झाली होती. मी त्यांना एवढंच विचारलं, की लोखंडी तव्यात लिंबू पिळून कुणी रात्रभर ठेवतं का? वरून पाणी मारलं की मॅट लख्ख होते, पण बर्फाचं पाणी आणि लिंबाचा रस फटीतून खाली जातो, आणि खाली गेलेलं वाळायचं कसं?

इकबालभाई वळले, क्रेट बांधले आणि गेले. पुढचे आठ दिवस पेरू न्यायला आले ते लांब रस्त्यावरच गाडी उभी करून. अंगणात आणेनात. माझे यजमान नीळकंठ म्हणाले, तू त्याला उगीच घाबरवलंस. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मॅट उचलायचं नाव काढेपर्यंत गाडी चांगलीच होती ना.

रविवारी गाडी अंगणात आली. शेजारच्या सीटवर लैला. खाली न उतरताच तिनं सांगितलं, "मॅट निघाल्याबिगर मी हितनं हलायची न्हाय. ह्यो माणूस आठ दीस झोपला न्हाय आन् मलाबी झोपू दिलं न्हाय."

पहार लावून नीळकंठ आणि इकबालभाईंनी एक कड उचलली. दमट, कोंदट वास आला. मॅट गुंडाळत गेली तसा खालचा पत्रा दिसत गेला, आणि तो सगळा तांबडा होता. पापुद्रे सुटले होते. इकबालभाई फाळक्यावर बसले ते हात मांडीवर ठेवून.

तात्या पुढं झाले. त्यांनी काठीचं लोखंडी टोक पत्र्यावर आपटलं, मडकं घेताना वाजवून बघतात तसं. ठण. वीतभर सरकून पुन्हा ठण. तात्यांना घाई नव्हती. मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र आवाज बसका आला आणि काठीचं टोक आत रुतलं. तळहाताएवढी जागा. बाकी सगळीकडं पत्रा बोलत होता.

"जित्ता हाय," तात्या म्हणाले. "कोपरा तेवढा गेलाय."

इकबालभाईंनी त्यांच्या हातातून काठी घेतली आणि कान खाली लावून अख्खा हौदा पुन्हा वाजवला. सगळा झाल्यावर काठी तात्यांना परत दिली आणि शर्टाची वरची गुंडी सोडली. लैला गाडीतून उतरली. मी चहा टाकला.

आता मॅटऐवजी हौद्यात काय टाकायचं? बारामतीच्या वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी होत्या: हौद्याच्या आकाराचा प्लास्टिकचा तयार साचा, स्क्रूनं बसवायचा, किंवा पत्र्यावर थेट फवारायचं काळं, खरबरीत कोटिंग. वर्कशॉपवाला साचा घ्या म्हणत होता, अर्ध्या तासात मोकळे. पण दुधानं पोळलेला माणूस. इकबालभाईंनी त्याच्याकडून पत्र्याचे तीन तुकडे मागून घेतले, एकावर साच्याचा तुकडा स्क्रूनं बसवलेला, दुसऱ्यावर कोटिंग मारलेलं, तिसरा कोरा. तिसऱ्यावर घरी जुन्या मॅटचा तुकडा आवळला. पाणी कुठं शिरतं ते कळावं म्हणून लैलानं हळदीचं पाणी केलं. तीन दिवस तिन्हींवर ते ओतलं, वर लिंबाच्या सालीही रगडल्या. मग उघडून बघितलं, तर मॅटखालचा पत्रा पिवळा, साच्याखालचा स्क्रूच्या भोवती पिवळा. कोटिंगचं काही उघडायलाच नव्हतं. लैलानं तारेच्या घासणीनं घासघास घासलं, हळद गेली, कोटिंग गेलं नाही.

कोपऱ्याला नवा पत्रा जोडला, गंज घासून काढला, कोटिंग मारून घेतलं. वाळायला दोन दिवस गाडी तिथंच होती, तेवढे दिवस आमचे पेरू झाडावरच राहिले.

परवा इकबालभाई आले तेव्हा गाडी सरळ अंगणात घेतली. तात्यांनी सवयीनं नाक ओढलं. लिंबाचा वास होताच, साली काही सुटल्या नाहीत. पण आता शेवटी दोन बादल्या साधं पाणी मारतात म्हणाले, आणि फाळका उघडा ठेवून गाडी उन्हात उभी करतात. फटीतून अजून थेंब पडत होता. त्यांनी तळहातावर धरला आणि मला दाखवला. पाण्यासारखं पाणी.

जुनी मॅट त्यांनी आमच्या गोठ्यात आणून टाकली. धुतलेली, घासलेली, दोन्ही बाजूंनी. आमची गाय मासळीच्या वासानं दोन दिवस तिच्यावर बसली नाही. तात्यांचं नाक काही गाईइतकं तिखट नव्हतं म्हणायचं.