विहिरीवरच्या साती आसरा

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. तेव्हा मी पेण ठाण्यात फौजदार होतो. कॉलेजात भूशास्त्र शिकलो म्हणून खात्यात मला ‘दगडसाहेब’ म्हणत. म्हणोत बापडे!

गणपतीच्या कारखान्यांजवळ पूजेचे स्फटिक विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे चोरी झाली. महागाचा माल गेला. त्याच्याच टेम्पोचा ड्रायव्हर खबर घेऊन आला, की निडीजवळच्या वाडीत एका मजुराकडे चमकणारे दगड आहेत. रोहा ठाण्याला कळवून आम्ही छापा घातला. नव्या विहिरीच्या काठावर सात पारदर्शक दगड मांडले होते, शेंदूर लावून. हवालदाराने ते उचलले, मजुराला ताब्यात घेतले. मागोमाग त्याची बायको कडेवर पोर घेऊन ठाण्यात आली.

“साहेब, त्या साती आसरा हायत, पाण्याच्या देवी. इहीर खणताना खडकात गावल्या. माझा घरधनी चोर नाय.”

व्यापारी दगड बघताच म्हणाला, “माझेच!” एवढ्यावर मजूर तुरुंगात गेला असता.

मी विचारले, “शेठ, तुमचा स्फटिक दिसतो कसा?”

“पेन्सिलीसारखा. सहा बाजू, वर टोक.”

“मग मोजा.”

बाईने हात जोडून स्वतःच शेंदूर पुसून दिला. शेठने एक दगड फिरवला, परत फिरवला. बाजू चारच. दुसऱ्यालाही चार. शेठचा चेहरा उतरला. स्फटिक असा कधीच वाढत नाही. हे होते अपोफिलाइट, आपल्या काळ्या कातळाच्या पोकळीत मिळणारे. तरी मी विहिरीत उतरून खात्री केली. तसेच चौकोनी खडे खडकाला चिकटलेले होते.

खबर खोटी ठरली, म्हणून आता ड्रायव्हरला समोर बसवले. वाडीत भाडे घेऊन गेला असताना त्याने ते दगड पाहिले होते. चोराच्या उलट्या बोंबा! थोड्याच वेळात तो रडकुंडीला आला.

“साहेब, चकाकणारे दगड सगळे सारखेच वाटले मला.”

सहा बाजूंचा माल त्याच्या घरी तांदळाच्या डब्यात मिळाला.

खबर कोण देतो, हे खबरीइतकेच तपासावे, हे मी तेव्हा शिकलो. आणि हातात आलेली वस्तू नीट पाहिल्याशिवाय माणसावर हात टाकू नये.

मजूर सुटला, पण बाई दगड परत न्यायला तयार होईना. म्हणाली, “ज्यानं उचलल्या, त्यानंच बसवायच्या.”

हवालदार माझ्याकडे बघू लागला. मी मान डोलावली. वाडीवर जाऊन त्याने बूट काढले आणि सातही देवी एकेक करून विहिरीवर बसवल्या. मीही टोपी काढून उभा होतो.