विमानापुरतं वजन

कुठलीही वस्तू हातात दिली की तो आधी ती करंगळीला अडकवून बघायचा. चहाची किटली असो नाहीतर माझी मोठी कात्री. मग मान हलवून म्हणायचा, "जड हाय की मामा."

तुम्हीही त्याला बघितलं असणार. पंचगंगेला पूर आला की गल्लीगल्लीत होडी घालणारा, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा माणूस. विहिरीत, कालव्यात कुणी बुडालं की पहिला फोन त्याला. दम धरून खाली जायचा आणि मडं वर आणायचा. घरी म्हशी होत्या, त्यावर पोट भरायचं.

माझं ताडपत्री आणि बॅगा शिवायचं दुकान. शाळा चौथीत सुटली, पण माझी शिलाई उसवलेली कुणी आणून दाखवावी.

एकदा तो दोन जाकिटं घेऊन दुकानात आला. पाणबुडे घालतात ती. पाठीवरच्या टाकीतली हवा त्यात भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. त्याचा पुतण्या अंदमानात लोकांना समुद्रात डुबकी मारायला शिकवतो. काकाला बोलवत होता, आणि त्यानंच ही दोन पाठवली होती, त्यातलं एक निवडायला.

"तिथं भाड्यानं मिळत न्हाईत व्हय?"

"मिळत्यात की. जड असत्यात. माझा खांदा पुरात निखळला तवापासनं ओझं घेत न्हाय. आणि विमानात वजन बघत्यात."

एक जाकीट चांगलं जाडजूड होतं, खिशांचं. दुसरं म्हणजे छत्रीचं कापड वाटावं. घडी घातली की बाजाराच्या पिशवीत बसायचं. ते त्यानं करंगळीवर धरलं आणि हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"जाड घे लेका. हलकं टिकत न्हाय."

"पाण्यात दोन्ही सारखीच, मामा. ओझं काय ते पाण्यापतोर न्यायचं."

मी हट्टी माणूस. हलक्या जाकिटाची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली. उसवली नाही. तरी ऐकवलंच, "जन्म पाण्यात गेला तुझा. तिकडं जाऊन आणि काय बघणार?"



"बघितलंय कुठं? सगळं गढूळ असतंय. डोळं मिटून हात फिरवत जायाचं. हाताला केस लागलं की समजायचं, सापडलं. एकदा डोळं उघडून पाणी बघायचंय."

मी त्या जाकिटाचे खांद्याचे पट्टे त्याच्या मापाला बसवून दिले.

पहिल्यांदा निघाला त्या दिवशी हुपरीजवळ एक बाई विहिरीत पडली. राहिला. पुढच्या खेपेला रेल्वेच्या डब्यात बसला होता, तोवर फोन. बिद्रीकडं कालव्यात पोरगं गेलंय. गाडी सुटायच्या आत उतरला.

मला राग आला. "फोन बंद करून जायाचं. कोल्हापुरात दुसरं कोण पवणारं न्हाय?"

"हायत की. पर मड्याला हात लावाय भित्यात."

"भिऊ देत. तुला काय?"

"सापडंपतोर त्या घरात चूल पेटत न्हाय मामा. आणि मी तिकडं मासं बघत बसू?"

तो फोन हातात घेऊन त्याच्याकडंच बघत बसला. दावणीची म्हैस खुंट्याकडं बघते तसा.

मग एका दुपारी तेच जाकीट घेऊन आला. चिखलानं भरलेलं, शेवाळाचा वास मारणारं. विहिरीत वापरलं होतं.

"ह्याला मागनं जाड पट्टा मारा. लोखंडी कडी बसवा, दोर अडकवायला. वर वढताना बरं पडंल."

"वजन वाढंल."

"वाढू दे. आता कुठं न्यायचंय?"

मी जाकीट त्याच्याकडं सरकवलं. "हे काम मी करणार न्हाय."

"का?"

"न्हाय म्हणजे न्हाय."

गिऱ्हाइकाचं काम मी कधी परत पाठवलं नव्हतं. त्यानं वाद घातला नाही. घडी घातली, "बरं" म्हणाला आणि गेला. तेव्हापासून दुकानाकडं फिरकला नाही.

परवा रंकाळ्याच्या रस्त्यावर सिग्नलला मी बसलेल्या रिक्षापुढं त्याची स्कूटर उभी होती. जाकीट अंगातच होतं. कानाला फोन. "व्हय, व्हय, निघालोय," एवढंच ऐकू आलं. पाठीवर रुंद खाकी पट्टा, त्यात कडी. दिवा हिरवा झाला आणि तो गेला.

कडीजवळची शिलाई वाकडी होती. मी मारली असती तर सरळ आली असती.