अधारतालवर उठलेली बोट

पासष्टच्या लढाईत आमच्या तोफगाड्यांच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी होती. घरी आलं की जेवायचाही कंटाळा यायचा. आणि अशात आम्ही दोघा भावांनी मदन महल भागातल्या आमच्या घरामागे शर्यतीची बोट बांधायला घेतली. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते. मी ड्रॉइंग ऑफिसात, दादा सुतारखात्यात. ही बोट पाणी कापत जाणारी नव्हती. इंजिन तिच्या पोटात, आणि वेग घेतला की तिनं पाण्यावर उठून पळायचं होतं. दादाला एकच पाहिजे होतं, ती एकदा तरी उठावी.

त्याची छाती तेव्हाच बिघडत चालली होती. डॉक्टरनं भुशातलं काम सोडायला सांगितलं होतं. "बोट होऊ दे, मग सोडतो," म्हणायचा. मला राग यायचा, पण काम मीही थांबवलं नाही. ते अजून मनाला खातं.

तळाला मी ड्रॉइंगमध्ये दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाडीचं प्लायवूड दाखवलं होतं. दादानं तीन सुताचं लावलं, वर प्रत्येक जोडाला सरस आणि बोल्ट दोन्ही.

"काहून दादा, तोफेची गाडी करून राहिला का?"

"आपल्या हातचं तुटलेलं चालत नाही," तो म्हणाला.

फॅक्टरीची सवयच ती, शंका आली की जाड कर. त्याला काय बोलू, इंजिनाखालचे दांडे मीही गुपचूप जाडच आखले होते.

लढाई संपून वर्ष झालं, तेव्हा हातगाडीवर घालून बोट अधारतालच्या तलावावर नेली. दादाला डॉक्टरची मनाई, म्हणून मी बसलो. इंजिन बोंबललं, बोट म्हशीसारखी पाणी ढकलत गेली, उठली काही नाही. मग अर्धे बोल्ट काढले, सीट काढली, मी चपलासुद्धा काठावर ठेवल्या. चार रविवार तेच. पाचव्या रविवारी मी चिखलातच बसलो.

"बस झालं दादा. थकलो मी. मोडून टाकू."

तो खोकत होता. खोकला थांबल्यावर म्हणाला, "चलो, एक बार मी बसतो."

नको म्हणायचीही ताकद माझ्यात उरली नव्हती.

बोट तीच, तळ तोच जाड. तलावाच्या मध्यावर तिनं नाक उचललं आणि उठली. तिच्या नाकाखालून पलीकडचा काठ दिसला. मी उभा राहिलो आणि चक्क रडलो.

दादा परत आला तो तोंडभर हसत. "बघ, तुझं ड्रॉइंग बरोबर होतं."

"हो," मी म्हटलं.

ड्रॉइंगमध्ये चालवणाऱ्याचं वजन मी दादाचंच धरलं होतं, बोट बांधायला घेतली तेव्हाचं, माझ्याएवढंच. त्याला उतरवायला काखेत हात घातला, तर तो एका हातानं उचलला गेला.