स्कीची जोडी आणि वजनाचा रकाना

दिवाळीचा पाडवा, सकाळचे साडेनऊ. ठरलेली रक्कम साठ हजार रुपये: पस्तीस माझे, पंचवीस मुलीने दोन हिवाळ्यांच्या पगारातून राखलेले. हजर तिघे: मी, बायको आणि मुलगी. विषय, मुलीसाठी स्की घेणे.

पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात हे वाक्य उच्चारले की लोक हसतात. इथे बर्फ मिळतो तो लग्नात, सरबताच्या पिंपात. म्हणून आधी खुलासा करतो. मुलगी कॉलेजात एनसीसीत होती. तिथून हिमाचलात पर्वतारोहणाच्या शिबिराला गेली आणि तिचे मन बर्फावरच राहिले. स्कीचे तिन्ही अभ्यासक्रम, अगदी वरचासुद्धा, तिने पूर्ण केले. दोन हिवाळे तिथल्या एका स्की शाळेत मदतनीस म्हणून काढले. यंदा शाळेने तिला प्रशिक्षक म्हणून घ्यायचे कबूल केले, पण एक अट घातली. पाच डिसेंबरला हजर होताना स्वतःची स्की हवी. शाळेची स्की शिकणाऱ्यांसाठी असते. स्की नसेल तर जागा दुसऱ्याला.

मी राइस मिलच्या वजनकाट्यावर एकवीस वर्षे काम करतो आहे. भरलेला ट्रक मोजायचा, रिकामा मोजायचा, वजाबाकी करायची. आजवर माझ्या पावतीवर कोणी बोट ठेवलेले नाही. तेव्हा इतकी महागडी वस्तू निवडायची म्हणजे तक्ता करायलाच हवा, असे मी म्हटले आणि वहीत रकाने आखले. लांबी, मधली रुंदी, वळणाची त्रिज्या, वजन, किंमत.

तिथून डोकेदुखी सुरू झाली. एकाच स्कीला एक दुकान 'नवशिक्यापासून पारंगतापर्यंत सर्वांसाठी' म्हणते, दुसरे 'फक्त पारंगतांसाठी' म्हणते. रुंदी तीन ठिकाणी तीन असते: टोकाला वेगळी, मध्ये वेगळी, शेपटाला वेगळी. आणि पन्नास हजारांच्या घरातली स्की घेतली तरी बूट तिच्यावर टिकत नाही, कारण बूट अडकवायचे बाइंडिंग वेगळे विकतात. साडेचौदा हजार. ते स्कीवर बसवायचे बाराशे आणखी. सायकल घ्यावी आणि पायडल दुसऱ्या काउंटरवर मागावे, तसा हा धंदा.

"सगळ्या डोंगराची स्की म्हणजे काय, ते तरी नीट सांग," मी मुलीला म्हटले. दुकानदार तिला 'ऑल-माउंटन' म्हणतात.

"बाबा, रोवणीच्या टाइमाले चिखलात ट्रॅक्टरले लोखंडी चाकं लावता ना तुमी?"

"लावतो."

"तेच चाकं घेऊन डांबरी रोडनं भंडाऱ्याले जाता का?"

"रोड फुटंल."

"तसंच आहे. सकाळी बर्फ गोठून कडक असते, तेथी अरुंद स्की पायजे. दुपारी पट्टीच्या लोकायले घेऊन भुसभुशीत बर्फात जा लागते, तेथी रुंद नसली का बुडते. माह्यापाशी दोन जोड्यायचे पैसे नाई. म्हून मधली. पंचाण्णवच्या आसपास."

हे मिलिमीटर. मी लिहून घेतले. बायको दारात लसूण सोलत होती. ती म्हणाली, "पाहा बाप्पा, पोरीनं एका मिनटात सांगतलं. तुमी तीन दिवसांपासून वही खराब करून राहिले."

पंचाण्णवच्या आसपासच्या दोन जोड्या हिमाचलातल्या एकाच दुकानात होत्या. मुलीला पाहिजे होती ती एकशे चौसष्ट सेंटिमीटर लांबीची, किंमत चव्वेचाळीस हजार. मुलीची उंची एकशे त्रेसष्ट. नवशिक्याने हनुवटीपर्यंतची घ्यावी, चांगल्या येणाऱ्याने डोक्याइतकी, इथवर मला पटले होते. माझा आक्षेप वजनाला होता. तिच्या जोडीपुढे लिहिले होते तीन किलो दोनशे. दुसरी, एक्केचाळीस हजारांची, आत धातूचा पत्रा असलेली, तिच्यापुढे एक किलो साडेसातशे.

जवळजवळ निम्मे वजन, आणि तीन हजार स्वस्त! मुलगी मार्चमध्ये घरी आली तेव्हा तिचा उजवा गुडघा सुजलेला होता. जिथे वर नेणारा तारेवरचा पाळणा जात नाही तिथे स्की खांद्यावर घेऊन चढावे लागते, असे तिनेच सांगितले होते. मग बापाने हलकी घे म्हणू नये?

"पत्रा असलेली हलकी कशी राहीन, बाबा?"

"लिहिलं आहे. कंपनीनं लिहिलं आहे."

"मी ते चालवून पाह्यली आहे. जड आहे. वळवाले ताकद लागते."

"तुले वाटते जड. आकडा बोलून राहिला."

नऊ दिवस हेच चालले. ती म्हणायची पायाला कळते, मी म्हणायचो कागदाला कळते. पाचव्या दिवसापासून ती माझ्याशी आईमार्फत बोलू लागली. "आई, बाबाले सांग, चहा झाला." मी चार हातांवर बसलेला. बायको वैतागून म्हणाली, "अजी, तिले नेऊन काट्यावर उभं करा एकदाचं, अन् पावती फाडा."

दहाव्या दिवशी मी दुकानाला फोन लावला आणि माझी पसंती सांगितली. त्याने विचारले, माल स्वतः नेणार की बसने शाळेवर पाठवू? बसचे भाडे वजनावर आहे. "साढ़े तीन किलो स्की, दो किलो बाइंडिंग, अंकल जी."

"साडेतीन कुठून? तुम्ही पावणेदोन लिहिलं आहे," मी म्हटले. माझे हिंदी रागात मराठीच होते.

"वो एक पीस का है, अंकल जी. यह कंपनी एक पीस का लिखती है. पहनेंगे तो दो ना?"

मी वही उघडली. एकापुढे जोडीचे वजन, दुसऱ्यापुढे एका पायाचे, दोन्ही एकाच रकान्यात, माझ्या सुवाच्य अक्षरात. चपलेच्या दुकानात कोणी एका पायाची गोष्ट करत नाही, म्हणून मला शंका आली नाही, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण काट्यावर ट्रक निम्म्या वजनाचा निघाला असता तर मी तो खाली उतरवून पुन्हा मोजला असता. घरी, मुलीच्या बाबतीत, मोजला नाही.

"मग पहिली द्या, एकशे चौसष्टवाली."

"वो तो परसों निकल गई. एक सौ सत्तावन है, और एक सौ इकहत्तर."

आता हे घरात सांगायला हवे होते. मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. मी सगळे सांगितले, वहीसकट.

मुलीने वही पाहिली, परत दिली. "टेप आना," म्हणाली. मी टेप आणला. तिने भिंतीवर एकशे एकाहत्तरला कोळशाची रेघ मारली आणि तिच्याखाली उभी राहिली. रेघ डोक्याच्या चार बोटे वर होती.

"सत्तावन घे," मी म्हटले. "सोपी जाईन."

"सत्तावन माह्यासाठी आखूड, बाबा. भुसभुशीत बर्फात जोरात गेली का थरथरते. एकाहत्तर मी शाळेतल्या सरांची चार दिवस वापरली आहे. जमते. सकाळी कडक बर्फावर पाय भरून येतीन, एवढंच."

"अन् गुडघा?"

"गुडघा माहा आहे. मले मालूम आहे तो काय म्हणते ते."

त्याच रेघेखाली उभी राहून तिने फोन मागायला हात पुढे केला. दुकानदाराशी ती हिंदीत दोन मिनिटे बोलली. बुटाच्या तळव्याची लांबी सांगितली, स्वतःचे वजन सांगितले, पडल्यावर पाय मोडू नये म्हणून बाइंडिंग किती जोराला सुटायला हवे ते विचारले. यातला एकही आकडा माझ्या तक्त्यात नव्हता.

एकाहत्तरची जोडी चव्वेचाळीस हजार, बाइंडिंग साडेचौदा, बसवणूक बाराशे. एकूण एकोणसाठ हजार सातशे मुलीने दुकानदाराला दिले, आपल्या खात्यातून, आपल्या पसंतीने. माझे पस्तीस हजार मी त्याआधी तिच्या खात्यात टाकले. मी पैसे दिले ते मुलीला, दुकानदाराला नाही.