रोह्याचे काका आणि पळतं विश्व

पेणपासून रोह्यापर्यंत अख्ख्या विश्वाची काळजी वाहणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. विश्व नुसतं पसरत नाही, त्याचा पसरण्याचा वेगही वाढतोय, हे रोह्याच्या काकांनी कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नाही. म्हणजे जेवतात व्यवस्थित, पण दोन भाकऱ्यांच्या मध्ये त्याची कारणं सांगतात. रिकाम्या जागेतच कसलीशी ऊर्जा दडलेली असेल आणि ती सगळ्यांना लांब ढकलत असेल. किंवा ती ऊर्जाच काळाप्रमाणे बदलत असेल. नाहीतर फार लांबच्या अंतरावर गुरुत्वाकर्षणाचे आपले नियम चालत नसतील. आमच्या दूधवाल्यालाही हे आता पाठ आहे. मावशीचं म्हणणं एवढंच, की विश्वाचं राहू द्या, आधी ओटीवरची रद्दी आवरा.

त्यांच्या मुलीला बघायला डोलवीच्या कंपनीतला मुलगा आला, तेव्हा काकांनी पगार, शिफ्ट काही विचारलं नाही. विश्वाचा वेग का वाढतोय, एवढंच विचारलं. मुलगा घामाघूम होऊन म्हणाला, "नाय बा माहीत." काका खूश. मोठमोठे शास्त्रज्ञही शेवटी हेच कबूल करतात म्हणे. पोहे संपायच्या आत त्यांनी होकार दिला. लेक पेणला रामवाडीत, एका एसटीच्या अंतरावर पडली म्हणून मावशीही खूश झाली.

यंदा त्याच जावयाला ओमानला नोकरी लागली. दोघं निघायच्या दिवशी काकांनी दुपार कलताच शेतात पोपटी लावली. वालाच्या शेंगा नि भांबुर्ड्याचा पाला भरून मडकं उपडं ठेवायचं, भोवती जाळ करायचा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं वर पाणी शिंपडून, चर्र आवाज ऐकून "झाली" म्हटल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. काका पाण्याचा तांब्या घेऊन विश्वाची कारणं सांगत बसले. करपल्याचा वास सुटला तरी थांबेनात.

"अहो, शिंपडा आता," मावशी म्हणाली.

"थांब गो, अजून एक कारण बाकी हाय."

शेंगांचा कोळसा झाला. लेकीनं तशाच सोलून खाल्ल्या. मग दोघं गाडीत बसून गेली. बाकी राहिलेलं कारण कोणतं, असं मी काकांना विचारलं.

"नव्हतंच रे. पोपटी उतरली असती की लेक निघाली असती."

काका रस्त्याकडेच बघत होते. मावशी हात पुसत त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ती विश्वाची कारणं सांगा बघू मला. पहिल्यापासून."